आगगाडी आणि पायवाट : बडोद्याच्या आसपासचे एक दिवसाचे पदभ्रमण

बडोद्यातील मराठी घरांत वाढणाऱ्या मुलामुलींस सिंहगडाचा कडा, प्रतापगडाचा पायथा आणि पानिपतचे मैदान ही स्थळे न पाहताही परिचयाची असतात. क्रमिक पुस्तकांनी आणि आजी-आजोबांच्या गोष्टींनी ती त्यांच्या मनावर पक्की ठसविलेली असतात. परंतु प्रतापनगर स्थानकातून डभईकडे निघालेली गाडी ज्या सपाट शेतांमधून जाते, त्याच प्रदेशात मराठ्यांचा सेनापती मराठ्यांच्याच पेशव्याशी लढता लढता पडला, आणि त्या एका दिवसाच्या निकालातून आपल्या पूर्वजांचा बडोद्याकडे येण्याचा मार्ग तयार झाला, हे किती जणांस ठाऊक असेल ? दोनशे-अडीचशे वर्षे ज्या भूमीत आपण नांदत आहोत, ती भूमी आपणांस रेल्वेच्या खिडकीतून धावताना दिसते. पायांखाली मात्र क्वचितच येते.

म्हणून या लेखात दूरच्या, खर्चाच्या आणि चार-चार दिवसांच्या सहलींचा विचार आम्ही करणार नाही. सकाळी लोकलने जावे, दिवसभर पायी हिंडावे आणि दिवेलागणीस घरी परत यावे, अशा भटकंतीचा हा विचार आहे. असा दिवस ज्यांनी कधी काढलेला नाही, त्यांच्या मनात प्रथम शंका येते ती ही की, मोटार असताना आगगाडीचा आग्रह कशासाठी ? त्याचे उत्तर अनुभवाने मिळते. मोटारीने गेलेल्या माणसास पुन्हा मोटारीपाशीच परतावे लागते. खुंट्यास बांधलेल्या बैलाप्रमाणे त्याचे हिंडणे ठरलेल्या दोरीएवढेच असते. आगगाडीने गेलेला मनुष्य एका स्थानकावर उतरतो, वाटेल तशी वाट धरून चालतो आणि दुसऱ्याच स्थानकावर परतीची गाडी पकडतो. शिवाय आपल्या शहराची स्थिती या कामी मोठी सोयीची आहे. डभई, आणंद, करजण या बाजूंनी नोकरी-धंद्यासाठी रोज 'अपडाउन' करणारी मंडळी सकाळी बडोद्याकडे येतात आणि सायंकाळी परत जातात. आपली दिशा त्यांच्या नेमकी उलट. त्यामुळे बसावयास जागा मिळण्याची आशा धरावयास हरकत नाही.

प्रथम ज्या लोहमार्गाने जावयाचे, त्याचीच थोडी ओळख करून घेऊ. कारण हा मार्ग म्हणजे स्वतःच एक धडा आहे. इ. स. १८६२ मध्ये, खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकिर्दीत, डभई ते मियागाम असा सुमारे बत्तीस किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग घालण्यात आला. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. हिंदुस्थानातील अरुंदमापी रेल्वेचा आरंभ येथे झाला. गंमत अशी की, या रेल्वेला प्रारंभी इंजिन नव्हते. डबे बैल ओढीत असत! पुढील वर्षी इंजिने आणली गेली, पण रूळ इतके हलके होते की ते इंजिनांचा भार सोसू शकेनात. तेव्हा पुन्हा बैलांचीच योजना झाली. १८७३ मध्ये अधिक भक्कम रूळ टाकण्यात आले आणि मगच वाफेच्या इंजिनास या वाटेने नीट चालता येऊ लागले. पुढे डभई हे या अरुंद मार्गांचे मोठे जंक्शन झाले. शेतकऱ्याचा कापूस, यात्रेकरूंचे गाठोडे आणि विद्यार्थ्याचे दप्तर या साऱ्यांची वाहतूक त्या चिमुकल्या गाड्यांनी एका शतकाहून अधिक काळ केली. आता या मार्गावर रुंद रूळ आले आहेत. चांदोदच्या पुढे केवडियापर्यंत नवा मार्ग घालण्यात आला आणि १७ जानेवारी २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ज्यांस जुनी इंजिने व डबे पाहावयाचे असतील, त्यांनी प्रतापनगर येथील रेल्वेचे वस्तुसंग्रहालय निघण्यापूर्वी एखाद्या दिवशी अवश्य पाहावे. जुनी मंडळी ज्यास 'गोया गेट' म्हणत, ते स्थानक हेच.

प्रतापनगर सोडल्यावर शहराची वस्ती विरळ होत जाते आणि शेते लागतात. गाडी ढाढर नदी ओलांडते. पावागडच्या बाजूच्या डोंगराळ भागातून येणारी ही नदी उन्हाळ्यात पाहणाऱ्यास फारशी भीतिदायक वाटत नाही. पावसाळ्यात मात्र तिचे रूप पालटते. हिच्याच परिसरात भिलापूर नावाचे गाव आहे. इतिहासात 'डभईची लढाई' म्हणून जी प्रसिद्ध आहे, ती १ एप्रिल १७३१ रोजी या भागात झाली.

लढाईची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. गुजरातेत मराठ्यांचा जम प्रथम बसविला तो तळेगावच्या दाभाडे घराण्याने. खंडेराव दाभाडे हे छत्रपती शाहू महाराजांचे सेनापती. त्यांच्या पश्चात त्यांचे पुत्र त्रिंबकराव यांस सेनापतिपद मिळाले. गुजरातच्या चौथाईत पेशव्यांनी हात घालावा, हे त्रिंबकरावांस मान्य नव्हते. आणि ते निजामाशी संधान बांधीत आहेत, हे बाजीरावांस मान्य होण्यासारखे नव्हते. दोन्ही पक्षांस आपापली बाजू न्यायाची वाटत होती, आणि ती वाटावी अशी कारणेही दोघांपाशी होती. आम्ही येथे कोणाचा कैवार घेत नाही. त्रिंबकरावांच्या बाजूस पिलाजी गायकवाड, कंठाजी कदम बांडे, उदाजी पवार असे नामांकित सरदार होते. फौजही पेशव्यांपेक्षा मोठी होती. त्रिंबकराव हत्तीवर बसून लढत होते, आणि रणातून पाय मागे जाऊ नये म्हणून त्यांनी हत्तीच्या पायांत साखळदंड घालावयास लावले होते, असे परंपरा सांगते. डोक्यास गोळी लागून ते पडले आणि लढाईचा निकाल लागला. पिलाजी गायकवाड जखमी होऊन निसटले. त्यांचा एक पुत्र रणांगणातच राहिला.

आता या हकिकतीचा पुढील भाग पाहा. जिंकलेल्या बाजीरावांनी दाभाड्यांचे घराणे बुडविले नाही. शाहू महाराजांनी त्रिंबकरावांच्या मातोश्री उमाबाई यांचे सांत्वन केले, सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांकडे दिले आणि त्यांच्या वतीने कारभार पाहावा म्हणून पिलाजी गायकवाड यांस 'सेनाखासखेल' हा किताब देऊन नेमले. म्हणजे लढाई हरलेल्या पक्षातील सरदाराचाच उत्कर्ष या लढाईनंतर झाला. १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजींचा घात झाला. १७३४ मध्ये त्यांचे पुत्र दमाजी यांच्या वेळी बडोदे गायकवाडांच्या हाती आले, आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तेथे त्यांचे राज्य नांदले. दप्तरदार, कारकून, शिक्षक, वैद्य, गवई, पहिलवान, छापखानेवाले अशी जी मराठी माणसे पिढ्यान्पिढ्या येथे येत राहिली, आणि ज्यांची नातवंडे-पतवंडे आज आपल्या शाळेच्या बाकांवर बसतात, त्यांच्या येण्याचा एक धागा भिलापूरच्या त्या शेतांत सापडतो.

या मैदानात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. खरे सांगावयाचे तर डोळ्यांना भरेल असे काहीच नाही. काळी जमीन, कापसाची व तुरीची शेते, बांधावर कडुनिंब व बाभूळ, एखादे गुराखी पोर. पण डभईपूर्वीच्या एखाद्या लहान स्थानकावर उतरून (कोणती गाडी कोठे थांबते हे आधी खिडकीवर विचारून घ्यावे) उरलेले अंतर गाडीवाटेने चालत गेल्यास पुस्तकातील एक-दोन गोष्टी आपोआप उलगडतात. येथे टेकडी नाही, खिंड नाही, झाडीचा आसरा नाही. सह्याद्रीत जे गनिमी युद्ध मराठ्यांनी गाजविले, त्यास उपयोगी पडणारे काहीएक या भूमीत नाही. समोरासमोर घोडदळाची टक्कर, एवढाच मार्ग. महिना चैत्राचा, नद्यांस पाणी कमी, उन्हाचा ताप मोठा, पिके निघून रान मोकळे झालेले. काळ्या जमिनीस त्या दिवसांत पडलेल्या भेगा पाहिल्या म्हणजे घोड्यांच्या पायांची काय दशा झाली असेल, याचा विचार मनात येतो. पुस्तकातील 'घनघोर लढाई झाली' या तीन शब्दांत यांपैकी काही येत नाही.

डभई गावाचे जुने नाव दर्भावती. सिद्धराज जयसिंह या सोळंकी राजाने येथे तट बांधला आणि तेराव्या शतकात वाघेला राजा विसलदेव याने त्यास भव्य रूप दिले, असे मानतात. तट आता अखंड नाही; परंतु चार दिशांचे चार दरवाजे उभे आहेत. पश्चिमेस बडोदे दरवाजा, उत्तरेस चांपानेर अथवा महुडी दरवाजा, दक्षिणेस नांदोद दरवाजा आणि पूर्वेस हिरा दरवाजा. गावकरी यास 'हीरा भागोळ' म्हणतात. भागोळ म्हणजे गावाची वेस. आमचा सल्ला असा की, स्थानकावरून येताना प्रथम बडोदे दरवाजा पाहावा आणि तटाच्या रेषेने गावाला वळसा घालीत हिरा दरवाजा शेवटी पाहावा. कारण तो आधी पाहिला तर पुढील तिन्ही फिके वाटतात. बडोदे दरवाजात अर्धगोल कमान नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. एकावर एक असे पुढे पुढे काढलेले दगडी तोडे दोन्ही बाजूंनी येतात आणि त्यांवर वरचा भार तोललेला आहे. भूमितीच्या तासास शिकलेले येथे डोळ्यांनी पडताळून पाहता येते.

हिरा दरवाजाजवळ बराच वेळ काढावा. हत्ती, योद्धे, नर्तकी, देवता, वेलबुट्टी यांनी दगड न् दगड भरलेला आहे. लगतच्या कालिकामातेच्या मंदिराचे कोरीवकाम तर याहून बारीक आहे. हिराधर नावाच्या शिल्पकाराने हा दरवाजा घडविला आणि अखेर त्यास येथेच जिवंत गाडण्यात आले, अशी दंतकथा गावात ऐकावयास मिळते. दंतकथा ती दंतकथा. तिला इतिहास समजू नये. मात्र असे काम करणाऱ्या कारागिराविषयी लोकांस सात-आठशे वर्षे काही सांगावेसे वाटत राहिले, हे त्या कथेतील सत्य आम्हांस पुरेसे वाटते. येथील वास्तूंचे शास्त्रीय वर्णन बर्जेस व कझिन्स या पंडितांनी करून १८८८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हे दरवाजे संरक्षित स्मारके आहेत. त्यांवर आपली नावे कोरून ठेवणाऱ्या महाभागांची संख्या येथेही कमी नाही. आपल्या शाळेचे नाव त्या यादीत दिसू नये.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, १७८० ते १७८३ या काळात, डभई इंग्रजांच्या ताब्यात होती आणि जेम्स फोर्ब्स नावाचा चित्रकलेचा नाद असलेला अधिकारी तेथे कारभार पाहत होता. त्याचे आठवणींचे चार खंड १८१३ मध्ये छापले गेले. डभईच्या माकडांविषयी त्याने एक मजेची गोष्ट नोंदविली आहे. शेजाऱ्यावर कोणाचा राग असला की पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या घरावर धान्य पसरावे. माकडे येऊन कौलांत शिरलेला दाणा वेचण्यासाठी सारी कौले उलथीपालथी करीत. पाऊस तर उंबऱ्यावर, आणि कौले चाळणारा माणूस वेळेवर मिळणार नाही ! सूड उगविण्याची ही युक्ती आजच्या विद्यार्थ्यांस सांगताना आम्हांस थोडी धास्ती वाटते. पण आता पत्रे व स्लॅब आल्यामुळे ती फारशी चालण्यासारखी उरलेली नाही.

पक्ष्यांची आवड असणाऱ्यांनी डभईहून वढवाण्याच्या तलावाकडे जावे. सयाजीराव महाराजांच्या काळी शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा विस्तीर्ण जलाशय. २०२१ मध्ये त्याचा समावेश जागतिक महत्त्वाच्या 'रामसर' पाणथळ स्थळांत झाला. मार्गशीर्षापासून माघापर्यंत उत्तरेकडून येणारी बदके व हंसांच्या जातीचे पक्षी येथे उतरतात. अंतर बरेच असल्याने जाताना रिक्षा करावी. एका दिवसात डभईचे दरवाजे आणि तलाव ही दोन्ही उरकण्याचा हव्यास मात्र धरू नये.

डभईच्या पुढे चांदोद. येथील चाल अगदी निराळी. लढाईचे मैदान जितके उघडेबोडके, तितका हा परिसर भरलेला. नर्मदेचा उंच काठ, त्यावर दाटीने उभी असलेली जुनी घरे, मल्हारराव घाटाच्या पायऱ्या आणि खाली संथ वाहणारे पाणी. येथे ओरसंग नदी नर्मदेस मिळते. सरस्वती गुप्तरूपाने आहे असे मानून या स्थानास त्रिवेणी म्हणतात. श्राद्धकर्मासाठी दूरदूरचे लोक येथे येतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरचे वडीलधारे आई-वडिलांच्या अस्थी घेऊन येथे येऊन गेलेले असतील. घरी विचारून पाहावे. गुजरातीतील 'गरबी'कार कवी दयाराम यांचा जन्म १७७७ मध्ये येथलाच, आणि त्यांचे पुढील आयुष्य डभईत गेले.

ओरसंगच्या पलीकडे करनाळी हे गाव असून तेथे कुबेरेश्वराचे मंदिर आहे. नावेने संगमापर्यंत जावे आणि वाळूत उतरून दोन्ही नद्यांची वाळू मुठीत घेऊन पाहावी. ओरसंग छोटा उदेपूरकडील कठीण खडकांच्या प्रदेशातून येते. तिची वाळू जाड, चमकणाऱ्या गारेच्या कणांची. नर्मदेच्या काठचा गाळ मऊ आणि बारीक. ज्या नदीचे पाणी वर्षाचा बराच काळ आटून वाळूखाली दडलेले असते, तिने एवढी वाळू कोठून आणि कोणत्या दिवसांत आणली असेल, हा प्रश्न आम्ही उत्तर न देता येथेच सोडतो; भूगोलाच्या तासास त्याची चर्चा व्हावी. वाळूच्या उपशामुळे पात्रात खड्डे झालेले असतात, ही गोष्ट मात्र आताच सांगून ठेवली पाहिजे.

संगमापासून नदीच्या काठाकाठाने जाणारी वाट परिक्रमावासी लोकांची आहे. पाठीवर पडशी, हाती दंड व कमंडलू, असा एखादा मराठी मनुष्य या वाटेवर भेटण्याचा संभव पुष्कळ. परिक्रमेत नर्मदा सदैव उजव्या हातास ठेवावयाची असते. त्यावरून उत्तर काठाने जाणारा यात्रिक कोणत्या दिशेस चालला आहे, हे विद्यार्थ्यांनी न विचारता सांगावे. भेटल्यावर 'नर्मदे हर' म्हणून नमस्कार करावा आणि आपल्या डब्यातील दशमी त्यास प्रथम द्यावी. याच काठाने वर, पुष्कळ दूर, गरुडेश्वर आहे. कोकणातील माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंब्ये स्वामी, यांनी १९१४ मध्ये तेथे देह ठेवला. चांदोदजवळच्या गंगनाथ येथील ब्रह्मानंदांच्या दर्शनास बडोद्याच्या सेवेत असलेले अरविंद घोष येत असत. आपल्या शहरात १८९३ पासून १९०६ पर्यंत त्यांचे वास्तव्य होते.

चांदोदला जाणाऱ्यांस एक कडक सूचना. घाट शांत दिसतो, म्हणून पाण्यात उतरू नये. पायऱ्यांच्या खाली पात्र एकदम खोल होते. शिवाय वर सरदार सरोवर धरण असल्यामुळे येथील पाण्याची चढउतार केवळ पावसावर अवलंबून नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने चांदोद-करनाळीचे घाट बुडून पाणी वस्तीत शिरले होते. नावेत बसताना नावाड्याचे ऐकावे. त्याने अमुक जणच बसा म्हटले की अमुक जणच बसावे. पोहता येते म्हणणाऱ्या मुलाकडे शिक्षकांनी अधिक लक्ष ठेवावे. नर्मदेशी त्याची ओळख नसते.

येथे पालकांशी दोन शब्द बोलले पाहिजेत. 'या हिंडण्याने गुण किती वाढतील ?' असा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. गुण वाढतील असे आश्वासन आम्ही देत नाही. आपल्या शाळेचा पट पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे कोणापासून लपलेले नाही. पुष्कळ मराठी घरांतील मुले आता मराठी वाचू शकत नाहीत. जी वाचतात, त्यांस आपली भाषा म्हणजे केवळ पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या पुस्तकांची भाषा वाटू लागली, तर तो दोष मुलांचा म्हणता येणार नाही. ढाढर, ओरसंग, मही या नद्यांविषयी मराठीत बोलणारे, मराठीत टिपणे लिहिणारे कोणी या शहरात उरावे, अशी आमची इच्छा आहे. आणि वाटेत भेटणाऱ्या शेतकऱ्याशी मात्र बोलावे ते स्वच्छ गुजरातीत. 'काका', 'मासी' म्हणून वाट विचारली की, ती सांगण्यास तो निम्म्या वाटेपर्यंत बरोबर येतो.

सामानाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. प्रत्येकी दोन बाटल्या पाणी, दशम्या किंवा थेपले, डोक्यास टोपी, एक वही व पेन्सिल. काळ कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा. सपाटीवर मुले तासाला चार किलोमीटर चालतात, पण पाहत पाहत चालावयाचे तर तीन धरावे. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी पक्की करावी. मात्र बेत आखावा तो तिच्या आधीच्या गाडीचा. लोहमार्गावरून व रेल्वेच्या पुलावरून कोणत्याही कारणाने चालू नये. वाट चुकल्यास मागे फिरावे, रूळ जवळचे म्हणून रुळावर चढू नये.

आता उलट्या दिशेची चाल. बडोद्याच्या मुख्य स्थानकातून आणंदकडे जाणाऱ्या लोकलने महीच्या पुलापलीकडे वासद हे स्थानक येते आणि त्यानंतर अडास रोड. अडास रोडला उतरून शेतांमधून वासदकडे चालत यावे; दीड-दोन तास पुरतात. उरलेला वेळ महीच्या कोतरांसाठी राखावा. कोतर म्हणजे पाण्याने कोरून काढलेली घळ. वीस-तीस मीटर उंचीचे मातीचे कडे, त्यांमधून वळणे घेत नदीकडे उतरणाऱ्या अरुंद वाटा आणि काठावर लटकणारी बोरी-बाभळी. कड्याच्या उभ्या छेदात नदीने हजारो वर्षे आणून टाकलेले थर दिसतात : कोठे गोटे, कोठे रेती, कोठे चुन्याच्या खड्यांचा पट्टा, आणि मध्येच एक ठळक तांबडा थर. प्रत्येक थराचे चित्र वहीत काढावे. कड्याच्या टोकाशी उभे राहू नये. ती माती खडक नव्हे, ती सुटते. महीपलीकडील चरोतरची जमीन 'गोराडू', म्हणजे फिकट व भुसभुशीत. तिच्यात तंबाखू व केळी पिकतात. डभईची काळी माती ज्यांनी चिमूटभर कागदात बांधून आणली असेल, त्यांनी ती हिच्याशेजारी ठेवून पाहावी.

अडासचे मैदानही रणभूमीच आहे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर पुण्यात बारभाईंचे कारस्थान उभे राहिले, आणि रघुनाथराव गुजरातेत येऊन मार्च १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह करून बसले. १८ मे १७७५ रोजी येथे एका बाजूस रघुनाथराव व कर्नल कीटिंगची इंग्रज पलटण, आणि दुसऱ्या बाजूस हरिपंत फडके यांची फौज, असा सामना झाला. इंग्रजांनी मैदान राखले, पण त्यांचे पुष्कळ अधिकारी पडले. आम्हांस येथे विशेष वाटते ते गायकवाडांच्या घराचे. दमाजींचे पुत्र गोविंदराव रघुनाथरावांच्या बाजूस होते आणि दुसरे पुत्र फत्तेसिंगराव हरिपंतांच्या बाजूस. डभईस पेशवे आणि सेनापती. अडासला सावत्र भाऊ. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत एवढाच फरक पडला की, दुसऱ्या वेळी तिसरा मनुष्य बंदूक घेऊन मध्ये उभा होता. त्या वर्षीच्या पावसाळ्यात कीटिंगचे सैन्य छावणी करून राहिले ते डभईत.

अडासची तिसरी आठवण या दोन्हींहून अलीकडची आहे, आणि ती विद्यार्थ्यांचीच आहे. १९४२ च्या 'चले जाव' चळवळीत बडोद्याचे काही विद्यार्थी खेड्यापाड्यांतून पायी हिंडत लोकांस चळवळीचा संदेश सांगत होते. १८ ऑगस्ट १९४२ रोजी सायंकाळी परतीची गाडी पकडण्यासाठी ते अडासच्या स्थानकाकडे निघाले असता पोलिसांनी त्यांस गाठले आणि गोळ्या झाडल्या. पाच तरुण मृत्यू पावले. अडास येथे त्यांचे स्मारक आहे. आपल्या मुलांनी त्या स्मारकावरील पाचही नावे वहीत उतरवून घ्यावीत.

अडासहून निघून वासदला पोहोचेपर्यंत दुपार उलटते. कोतरे पाहून झाली की, अंधार पडण्यापूर्वी स्थानकावर यावे आणि बडोद्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा धरावी. वासद सोडल्यावर थोड्याच वेळात महीचा पूल लागतो. ज्या घळींत शिरल्यावर चार पावलांपलीकडचे दिसत नव्हते, त्या साऱ्या पुलावरून एका दृष्टिक्षेपात दिसतात, आणि आपण कोणत्या वळणावर चुकलो होतो हे बोटाने दाखविण्याची मुलांत चढाओढ लागते.